गुरुत्वाकर्षणाला वटहुकूम लागू नाही

१५ एप्रिल २०२०. बर्लिनमध्ये पत्रकार परिषद चालली होती. टाळेबंदी कुठे सैल करायची आणि कुठे नाही, हे सांगायला चॅन्सेलर आंगेला मर्केल बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी तोंडी हिशोब मांडायला सुरुवात केली. एक रुग्ण सरासरी एकालाच आजार देत असेल, तर रुग्णालयं निभावून नेतील. हा आकडा १.१ झाला, तर ऑक्टोबरमध्ये अतिदक्षता विभागातल्या खाटा संपतील. १.२ झाला, तर जुलैमध्येच. १.३ झाला, तर जूनमध्ये. समोर पडदा नाही, तक्ता नाही, आवाजात चढउतार नाही. दशांश चिन्हापुढचा एक आकडा सरकला की तीन महिने हातचे जातात, एवढंच त्या सांगत होत्या. त्या दोनेक मिनिटांची चित्रफीत जगभर फिरली. त्या सुमारास अनेक देशांचे नेते टाळ्या, थाळ्या, देव आणि नशीब यांच्यावर बोलत होते, म्हणून ती जास्तच फिरली.

या बाईंनी पूर्वी पूर्व बर्लिनमधल्या एका सरकारी संस्थेत बारा वर्षं काढली होती. काम असं, की एखादा रेणू तुटताना अभिक्रियेचा वेग किती असेल ते गणिताने काढायचं. अशा गणितात एखादी किंमत किंचित चुकली, की उत्तर कितीतरी पटींनी चुकतं. १.१ आणि १.२ मधला फरक त्यांच्या अंगवळणी पडलेला होता, तो तिथे.

त्यावरून एक ढोबळ निष्कर्ष काढायचा मोह होतो, आणि वर्तमानपत्रांनी तो तेव्हा काढलाही: शास्त्रज्ञांना मंत्री करा, देश नीट चालेल. प्रत्यक्षातली गोष्ट जास्त वाकडी आहे. गेल्या नव्वद वर्षांत ज्या मोजक्या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रिया मंत्रालयात पोचल्या, त्यांतल्या बहुतेकींना पदार्थविज्ञान येतं म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. राजकारणाला त्या त्या वेळी एक बाई हवी होती, एक पूर्वेकडचा चेहरा हवा होता, पक्षाला एक स्वच्छ पाटी हवी होती. विज्ञान त्यांच्या सामानातून आपोआप आलं. कधी उपयोगी पडलं, कधी बॅगेतच राहिलं.

या रांगेतलं पहिलं मोठं नाव इरेन जोलिओ-क्युरी. मादाम क्युरींची थोरली लेक. पहिल्या महायुद्धात विशीही पार न केलेली ही मुलगी आईबरोबर आघाडीवरच्या रुग्णालयांत क्ष-किरण यंत्रं चालवत होती. जानेवारी १९३४ मध्ये तिने आणि नवरा फ्रेदेरिक याने पोलोनियममधून निघणाऱ्या अल्फा कणांचा मारा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर केला. मारा थांबवला, तरी पत्रा किरण सोडतच राहिला. ॲल्युमिनियमच्या काही अणूंचा किरणोत्सारी फॉस्फरस झाला होता, आणि काही मिनिटांत तो विरून जात होता. माणसाच्या हातून घडलेलं हे पहिलं कृत्रिम किरणोत्सारी मूलद्रव्य. लेकीचा हा शोध पाहून त्याच वर्षी जुलैत मारी क्युरी गेल्या. पुढच्या वर्षी नोबेल आलं, तेही रसायनशास्त्राचं.

आणि जून १९३६ मध्ये पॅरिसमध्ये डाव्या पक्षांच्या ‘जनआघाडी’चं सरकार आलं. पंतप्रधान लेऑं ब्लूम यांनी मंत्रिमंडळात तीन स्त्रिया घेतल्या. फ्रान्समध्ये हे प्रथमच घडत होतं. इरेन यांच्याकडे वैज्ञानिक संशोधनाचं उपमंत्रिपद आलं. आता गंमत पाहा. त्या वेळी फ्रेंच स्त्रीला मतदानाचा हक्क नव्हता. तो मिळाला १९४४ साली. लग्न झालेल्या बाईला नोकरी करायची तर नवरा मोडता घालू शकत असे, आणि ही तरतूद पुढे १९६५ पर्यंत टिकली. म्हणजे देशाच्या संशोधनाचा कारभार पाहणाऱ्या बाईंना त्याच देशाच्या निवडणुकीत चिठ्ठी टाकता येत नव्हती. मत देऊ शकत नाही, पण मंत्री होऊ शकते, अशा विचित्र फटीतून त्या आत शिरल्या.

शिरल्या आणि जेमतेम चार महिन्यांत बाहेर पडल्या. काही दिवसांपुरतंच हे पद घेईन, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. स्त्रिया हे करू शकतात हे दिसावं, एवढ्याचसाठी त्यांनी होकार दिला होता. तब्येत नाजूक होती, क्षयाने पाठ धरली होती, आणि मन रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये अडकलेलं होतं. सप्टेंबरअखेर त्यांनी खुर्ची ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ झां पेरॅं यांच्याकडे सोपवली. संशोधनाला सरकारचा पैसा कायमचा आणि एका घरातून मिळावा, यासाठी पेरॅं आधीपासून झटत होतेच. ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालेलं असताना फ्रान्सचं राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्र उभं राहिलं, त्यामागे ही खटपट होती. त्याचं श्रेय इरेन यांच्या चार महिन्यांना द्यायला गेलो, तर त्यांनाच ते रुचलं नसतं.

चरित्रकार या चार महिन्यांवरून पटकन पुढे जातात. या लेखाच्या हिशेबात मात्र ते महत्त्वाचे आहेत. खुर्ची सोडून पुन्हा प्रयोगाच्या टेबलाशी जाणं ही गोष्ट राजकारणात फार थोड्यांना जमते. आणि टेबलाशी परतल्यावर त्यांच्या हाती काय लागलं? युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर काय उरतं, ते त्या सर्बियन सहकारी पावले साविच यांच्याबरोबर तपासत होत्या. १९३८ मध्ये त्यांना साडेतीन तास अर्धायुष्य असलेला एक पदार्थ सापडला. तो लँथॅनमसारखा वागत होता. युरेनियमसारख्या जड अणूतून असा मधल्या वजनाचा पदार्थ निघणं कुणालाच पटेना. बर्लिनमध्ये ओटो हान यांनाही ते पटलं नव्हतं. त्याच गोंधळाचा छडा लावताना वर्षअखेर हान आणि श्ट्रासमान यांच्या हाती अणुविखंडन लागलं. इरेन उंबरठ्यापर्यंत पोचल्या होत्या, कडी दुसऱ्याने काढली.

दिल्लीच्या सत्तेशी नसला, तरी भारताच्या विज्ञानाशी त्यांचा एक धागा आहे. ११ जानेवारी १९५० रोजी कोलकात्यात मेघनाद साहांच्या अणुभौतिकी संस्थेचं औपचारिक उद्‌घाटन इरेन जोलिओ-क्युरींच्या हस्ते झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कम्युनिस्ट असल्याच्या कारणावरून फ्रेदेरिकना फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या प्रमुखपदावरून काढण्यात आलं आणि पुढे इरेन यांचीही आयुक्तपदाची मुदत वाढवली गेली नाही. फ्रेंच विज्ञान अकादमीने तर त्यांना कधी दारात उभंच केलं नाही. त्या पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिल्या. निवड होणार नाही हे ठाऊक होतं, पण नकार नोंदला जावा एवढाच हेतू होता. १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या. अकादमीने पहिली पूर्ण सभासद स्त्री निवडली ती १९७९ साली.

आंगेला मर्केल यांचं सगळं वेगळं. आई नोबेलवाली नाही, वडील धर्मोपदेशक. १९५४ मध्ये हाम्बुर्गमध्ये जन्म झाला आणि काही आठवड्यांतच कुटुंब पूर्व जर्मनीत गेलं. लोक जीव मुठीत धरून पूर्वेकडून पश्चिमेकडे पळत होते, त्या दिवसांत हे कुटुंब उलट दिशेने निघालं. मुलगी हुशार. भाषा, इतिहास, कायदा या विषयांत सत्ताधारी पक्षाची पोपटपंची पाठ करावी लागली असती, म्हणून तिने भौतिकशास्त्र निवडलं. डिसेंबर २०२० मध्ये जर्मन संसदेत बोलताना त्यांनी हे कारण स्वतः सांगितलं. पुष्कळ गोष्टी हुकमाने फिरवता येतात, पण गुरुत्वाकर्षण आणि प्रकाशाचा वेग फिरवता येत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. हुकूमशाहीत वाढलेल्या माणसाला विज्ञान कशासाठी जवळचं वाटतं, याचं इतकं साधं उत्तर क्वचित ऐकायला मिळतं.

लाइपझिगमध्ये पदवी झाली. इल्मेनाऊच्या तंत्रविद्यापीठात नोकरीसाठी गेल्या, तेव्हा गुप्त पोलिसांनी खबरी होण्याची विचारणा केली. आपल्या पोटात काही राहत नाही, असं सांगून मर्केलनी सुटका करून घेतली. नोकरी अर्थातच गेली. मग बर्लिनच्या आडलर्सहोफ भागात विज्ञान अकादमीची भौतिक रसायनशास्त्राची संस्था मिळाली. तिथल्या सैद्धांतिक विभागात ही एकटी बाई. १९८६ मध्ये पीएचडी मिळाली. तिच्यासोबत मार्क्सवाद-लेनिनवादावरही निबंध लिहावा लागे. त्यात मर्केलना काठावरची श्रेणी मिळाली. आता या श्रेणीकडे प्रशस्तिपत्रक म्हणूनच पाहायला हवं.

९ नोव्हेंबर १९८९ ची रात्र. दर गुरुवारच्या शिरस्त्याप्रमाणे मर्केल मैत्रिणीबरोबर सॉना घ्यायला गेल्या होत्या. बाहेर येऊन पाहतात तो बोर्नहोल्मर रस्त्यावर माणसांचा लोंढा. बर्लिनची भिंत उघडली होती. त्या लोकांबरोबर पलीकडे गेल्या, थोडा वेळ थांबल्या आणि परत आल्या, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. पुढच्याच महिन्यात त्या ‘लोकशाही प्रारंभ’ नावाच्या एका नव्या, अवघडलेल्या गटाच्या कार्यालयात दिसू लागल्या. पश्चिमेकडून संगणकांची खोकी आली होती, ती उघडून जोडणी करून देणं हे त्यांचं पहिलं राजकीय काम.

मार्च १९९० च्या निवडणुकीआधी या गटाचा अध्यक्षच गुप्त पोलिसांचा खबरी निघाला. गटाला एक टक्काही मतं मिळाली नाहीत. पण तो ज्या युतीत होता, तिच्यातला मोठा पक्ष जिंकला आणि नव्या पूर्व जर्मन सरकारला उपप्रवक्ता हवा होता. नेमक्या शब्दांत माहिती देणारी, डाग नसलेली एक शास्त्रज्ञ बाई समोर होती. बाकीचे तेव्हा जुन्या कागदपत्रांत आपलं नाव कुठे आहे या काळजीत होते.

एकीकरण झालं, डिसेंबरमध्ये त्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या मतदारसंघातून निवडून आल्या. त्या प्रचारातला एक फोटो प्रसिद्ध आहे: ऱ्युगेन बेटावरची कोळ्यांची खोपी, जाडजूड स्वेटरातले कोळी, आणि मधे अवघडून बसलेली लांब झग्यातली बाई. खिडकीतून येणारा उजेड एखाद्या जुन्या डच चित्रासारखा. ही बाई पुढे सोळा वर्षं युरोपचा गाडा हाकणार आहे, असं त्या खोपीतल्या कुणाला वाटलं असेल असं दिसत नाही.

१८ जानेवारी १९९१ ला त्या मंत्री झाल्या. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांना मंत्रिमंडळात पूर्वेकडचे चेहरे हवे होते आणि स्त्रियाही. त्यांनी एका मोठ्या मंत्रालयाचे तीन तुकडे केले. आरोग्य एकीकडे, कुटुंब आणि ज्येष्ठ नागरिक दुसरीकडे, स्त्रिया आणि युवक तिसरीकडे. तिसरा तुकडा मर्केलच्या वाट्याला आला. म्हणजे पीएचडी रेणूंवर आणि खातं स्त्री-युवकांचं. वर्तमानपत्रं त्यांना ‘कोलची पोर’ म्हणत. या खात्यात त्यांनी विशेष दिवे लावले असं म्हणता येणार नाही, पण तीन वर्षांच्या प्रत्येक मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क याच काळात मंजूर झाला. नोकरी करणारी आई आणि सरकारी पाळणाघर ही पूर्व जर्मनीत रोजची गोष्ट होती, पश्चिमेत तो वादाचा विषय होता. मर्केलना त्यात वाद काय आहे तेच मुळात कळेना.

खरं काम १९९४ मध्ये आलं. पर्यावरण आणि अणुसुरक्षा. इथे मात्र विषयाशी गाठ होती. मार्च १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराची पहिली परिषद बर्लिनमध्ये भरली आणि यजमान म्हणून अध्यक्षपद या नवख्या मंत्रीणबाईंकडे आलं. शंभरावर देश. श्रीमंत देश म्हणतात सगळ्यांनी धूर कमी करावा, गरीब देश म्हणतात धूर तुम्ही केलात, आता तुम्हीच निस्तरा. चर्चा चिखलात रुतली तेव्हा सल्ला आला तो भारतीय शिष्टमंडळाकडून. विकसित आणि विकसनशील देशांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा आणि दोन्हीकडे तुम्ही स्वतः येरझाऱ्या घाला. मर्केलनी रात्रभर तेच केलं. आपल्याकडे लग्नात मानापमान झाला की वधूपक्ष आणि वरपक्ष यांच्या खोल्यांमध्ये एखादी मावशी फेऱ्या मारते, तसंच हे. पहाटे एक मसुदा तयार झाला. त्यातून दोन वर्षांनी क्योटोचा करार निघाला. रेणूंच्या गणिताचा इथे काही उपयोग नव्हता. थकवा न येणं आणि दोन्ही बाजूंचं पूर्ण ऐकून घेणं उपयोगी पडलं. प्रयोगशाळेत तेवढं तर शिकवतातच.

मंत्रिपदाच्या शेवटी मात्र भौतिकीनेच त्यांना अडचणीत आणलं. वापरलेलं अणुइंधन वाहून नेणारी ‘कास्टोर’ पिंपं बाहेरून किरणोत्सारी असल्याचं १९९८ मध्ये उघड झालं. मर्यादेच्या कितीतरी वर. वीज कंपन्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, मंत्र्यांना कळवलं नव्हतं. मर्केलनी वाहतूक थांबवली, पण अणुभट्ट्या सुरक्षित आहेत हे ठासून सांगणाऱ्या मंत्र्यांची फजिती व्हायची ती झालीच.

अणुऊर्जेवरची त्यांची वळणं हा या सगळ्यातला सर्वांत वादाचा भाग. २०१० च्या शरदात त्यांच्या सरकारने अणुभट्ट्यांचं आयुष्य सरासरी बारा वर्षांनी वाढवलं. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं. काही दिवसांत त्यांनी जुन्या भट्ट्या बंद करायला लावल्या आणि जूनपर्यंत २०२२ ही शेवटची मुदत कायद्यात आली. त्यांचा युक्तिवाद वरकरणी संख्याशास्त्राचा होता. जपानसारख्या तंत्रकुशल देशात जे घडणारच नाही असं मानलं होतं ते घडलं, म्हणजे आपण धोक्याचं गणित चुकीचं मांडत होतो. टीकाकार म्हणाले, भूकंप आणि सुनामी जर्मनीत येत नाहीत, मात्र बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात निवडणुका आल्या आहेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. अखेरच्या तीन भट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये थंडावल्या. तोवर रशियाचा गॅस बंद झाला होता आणि कोळशाच्या चिमण्या अजून धुरत होत्या. भौतिकशास्त्रज्ञ चॅन्सेलरने घेतलेल्या या निर्णयावर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अजून भांडत आहेत.

अटलांटिक ओलांडून मेक्सिकोला गेलं की गोष्ट चुलीपासून सुरू होते.

क्लाउडिया शेनबॉम १९६२ च्या. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई जीवशास्त्रज्ञ, घरात साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीची ऊब. राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकताना १९८६-८७ मध्ये त्या फीवाढीविरुद्धच्या आंदोलनात होत्या. १९८९ मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहिला तो ग्रामीण भागातल्या लाकडाच्या चुलीच्या उष्मागतिकीवर. त्यासाठी मिचोआकान राज्यातल्या पुरेपेचा आदिवासींच्या गावात जाऊन त्या राहिल्या. किती लाकूड जळतं, त्यातली किती उष्णता भांड्याच्या बुडाला लागते आणि किती धुरासोबत बाईच्या डोळ्यांत जाते, हे मोजायचं. आपल्याकडे सुधारित चुलीचे प्रयोग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. तीन दगडांच्या चुलीत बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते, ती कोंडायची तर तोंड लहान हवं, तोंड लहान केलं की जाड ओंडका आत जात नाही, आणि ओंडका फोडायला बाईकडे वेळ नसतो. उष्मागतिकी बरोबर असली तरी चूल वापरली जाईलच असं नाही. हा धडा सरकारात जाणाऱ्याला फार लवकर मिळाला, असं म्हणता येईल.

मग ऊर्जा अभियांत्रिकीत पीएचडी, आणि त्या निमित्ताने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काही वर्षं. मेक्सिकोत घरं, कारखाने, वाहनं किती ऊर्जा खातात याचा अभ्यास. त्याच काळात मेक्सिकोचे अध्यक्ष स्टॅनफर्डला आले, तेव्हा फलक घेऊन उभ्या राहिलेल्या निदर्शकांत ही संशोधक होती, आणि विद्यार्थी वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला.

२००० च्या डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटीचे नवे प्रमुख लोपेस ओब्रादोर यांनी त्यांना शहर सरकारात पर्यावरण सचिव केलं. आपल्या भाषेत शहर-राज्याच्या पर्यावरण मंत्री. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. उंचीवर हवा विरळ, म्हणून इंजिनात इंधन नीट जळत नाही. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्याच्या तळाशी बसते आणि वरच्या गरम हवेचं झाकण तिला हलू देत नाही. वर रणरणतं ऊन, त्यात धुराचा ओझोन होतो. भौतिकशास्त्रज्ञाने प्रश्न काढून द्यावा असं हे शहर. शेनबॉम यांच्या काळात इन्सुर्हेन्तेस या शहराच्या कण्यासारख्या रस्त्यावर राखीव मार्गिकेतून मेट्रोबस धावू लागली, जून २००५ मध्ये. आणि त्याच सरकारात, त्यांच्याच देखरेखीखाली, शहराच्या वळण रस्त्यावर दुसरा मजला चढला: मोटारींसाठी. एका हाताने बस, दुसऱ्या हाताने उड्डाणपूल. पर्यावरणवाद्यांनी त्यांना यासाठी कधी माफ केलं नाही. ही विसंगती पुढे मोठी होत गेली. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या अहवालांत योगदान देणारी संशोधक एकीकडे, आणि तेल कंपनीला देशाभिमानाचं प्रतीक मानणाऱ्या पक्षाची निष्ठावान कार्यकर्ती दुसरीकडे, या दोघी एकाच अंगात नांदत राहिल्या.

२०१८ ते २०२३ त्या शहराच्या प्रमुख होत्या. महामारीत देशाचे अध्यक्ष मुखपट्टी टाळत असताना त्या ती लावून फिरत, चाचण्या वाढवत, रुग्णालयांतल्या खाटांचे आकडे जाहीर करत. इथवर गोष्ट मर्केलसारखी जाते. मग ती वळण घेते. त्यांच्याच सरकारने रुग्णांना आयव्हरमेक्टिनच्या पुड्या वाटल्या. हे औषध कोविडवर गुणकारी असल्याचा पुरावा नव्हता. शहराच्या अधिकाऱ्यांनी त्याची भलामण करणारा लेखही तयार केला. ज्या संकेतस्थळावर तो ठेवला होता, त्याच्या चालकांनी तो २०२२ मध्ये काढून टाकला. मे २०२१ मध्ये मेट्रोच्या बारा क्रमांकाच्या मार्गावरचा पूल कोसळून २६ माणसं गेली. पूल आधीच्या सरकारांनी बांधलेला, देखभाल मात्र चालू सरकारची. पदार्थाची ताकद आणि ताण हे विषय शिकलेल्या प्रमुखाला यावर उत्तर देताना जड गेलं.

जून २०२४ मध्ये त्या जवळजवळ साठ टक्के मतं घेऊन मेक्सिकोच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. दोनशे वर्षांच्या प्रजासत्ताकातल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. विज्ञानाला त्यांनी स्वतंत्र मंत्रालय दिलं आणि तिथे जीवशास्त्रज्ञ रोसाउरा रुईस यांना नेमलं.

बाकीच्यांकडे भरभर पाहू. २०२२ च्या वसंतात युरोपात एकदम दोघी आल्या. पोर्तुगालमध्ये एल्विरा फोर्तुनातो, कागदावर ट्रान्झिस्टर बनवून नाव कमावलेल्या, विज्ञानमंत्री झाल्या. फ्रान्समध्ये सिल्वी रताय्यो, अर्धवाहकांच्या भौतिकीतल्या प्राध्यापक आणि पॅरिस-साक्ले विद्यापीठाच्या अध्यक्ष, उच्च शिक्षण आणि संशोधनाच्या मंत्री झाल्या. इरेन यांच्या मंत्रिपदानंतर ८६ वर्षांनी. रताय्योंची कहाणी बोलकी आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सरकारने स्थलांतरितांचा कायदा आणला, त्यात परदेशी विद्यार्थ्यांकडून अनामत रक्कम घेण्याची तरतूद होती. ज्या विद्यापीठात आयुष्य गेलं तिथल्या प्रयोगशाळा परदेशी विद्यार्थ्यांवर चालतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी राजीनामा दिला, अध्यक्षांनी तो घेतला नाही, त्या राहिल्या. दोन महिन्यांत अर्थखात्याने कात्री चालवली आणि त्यांच्या खात्यातून ९०.४ कोटी युरो गेले. मंत्री शास्त्रज्ञ असला तरी अर्थखात्याची कात्री सगळ्यांना सारखीच लागते.

आणि आपण?

भारतात प्रयोगशाळेतून मंत्रालयात जाणारी वाट पुरुषांसाठी जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले एम. जी. के. मेनन विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले आणि १९८९ मध्ये व्ही. पी. सिंह यांच्या सरकारात राज्यमंत्रीही. अलाहाबादचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मुरली मनोहर जोशी केंद्रीय मंत्री होते. पुणेकरांना वसंत गोवारीकर आठवतील, १९८६ पासून याच विभागाचे सचिव, मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं प्रारूप त्यांच्याच कारकिर्दीतलं. या यादीच्या तोडीला एखादी भौतिकशास्त्रज्ञ बाई शोधायला गेलं, की मंत्रालयाच्या दाराबाहेरच थांबावं लागतं.

बाहेर थांबलेल्यांत रोहिणी गोडबोले होत्या. पुण्याच्या हुजूरपागेची विद्यार्थिनी, स. प. महाविद्यालय, मुंबई आयआयटी, अमेरिकेत पीएचडी, मग मुंबई विद्यापीठात तेरा वर्षं आणि १९९५ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. भविष्यातल्या कणत्वरकांत किरणांच्या झोतांमधून नको असलेल्या कणांची किती गर्दी होईल, याचं त्यांनी मानुएल द्रेस यांच्यासोबत केलेलं भाकीत त्या दोघांच्या नावाने ओळखलं जातं. त्या पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार मंडळावर होत्या. सल्ला देण्याची जागा, सही करण्याची नाही. तिथून त्यांनी एकच गोष्ट लावून धरली: पीएचडी झालेल्या बायका जातात कुठे? २०१० मध्ये त्यांच्या सहभागाने झालेल्या एका पाहणीत ठरलेल्या उत्तराला धक्का बसला. संसार आणि मुलं हे सगळे सांगतात ते कारण. बायकांना विचारलं तर पुष्कळजणी म्हणाल्या, नोकरीच मिळाली नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीचं नाव घेऊन त्यांनी राम रामस्वामी यांच्यासोबत संपादित केलेल्या पुस्तकात सुमारे शंभर भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांच्या कहाण्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं.

आणि त्यांच्याही आधी, पुण्यातच, शिवाजीनगरला जे ‘शिमला ऑफिस’ म्हणून रिक्षावाल्यांनाही ठाऊक आहे, तिथे १९४८ मध्ये अ‍ॅना मणी रुजू झाल्या. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं आणि नाव तसंच चिकटून राहिलं. मणी त्रावणकोरच्या. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर पाच शोधनिबंध लिहिलेल्या. मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली, कारण एमएस्सीची पदवी नव्हती. मग त्या लंडनला जाऊन हवामानाची उपकरणं शिकून आल्या. तोवर भारतात साधा तापमापकसुद्धा विलायतेहून येत असे. पुण्याच्या कार्यशाळेत त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथेच बनवायला घेतली. हाताखाली शंभरावर पुरुष. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची शिस्त होती. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभी केली आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी या नोंदींचे ग्रंथ काढले. आधी सूर्यप्रकाशाचे, मग वाऱ्याचे. केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा विभाग निघाला १९८२ मध्ये, त्याचं मंत्रालय झालं १९९२ मध्ये. त्या मंत्रालयाच्या पाटीवर अ‍ॅना मणींचं नाव कधी लागलं नाही. सौरऊर्जेवर काम करणारे अभियंते मात्र त्यांची पुस्तकं उघडून बसत. त्यांत पानोपानी नुसते रकाने आहेत: गाव, महिना, तास, आणि त्या तासात जमिनीवर पडलेलं ऊन.